धोटा कोणी बदलायचा?



मागच्या महिन्यात एका रविवारी विहारातील वंदना आटोपून आम्ही बाहेर चपला शोधत होतो, तेवढ्यात आमच्या वस्तीतील एक ताई पुढे आली. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे जे गाळे आहेत, त्यांतील एका गाळ्यात ती अकरा वर्षे पॅकिंगला आहे. वयाने आमच्या पुतणीएवढी. चेहरा काही आनंदी दिसेना. आम्ही विचारले, "काय गं, घरी सगळं ठीक ना?" तर म्हणाली, "काका, मला सुपरवायझर केलं." आम्ही म्हटले, "अगं, मग पेढे कुठं आहेत?" ती म्हणाली, "पेढे राहू द्या. आधी सांगा, आता मी करू काय?"

कुटुंबाच्या पानावर कारखान्याचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या घरातील नवरा-बायको दोघेही सकाळी सातला डबा घेऊन बाहेर पडतात, त्या घरात कारखाना रात्री ताटावर येतोच. कोणाला कामावर घेतले, कोणाला काढले, कोणाला हलके काम मिळाले आणि कोणाच्या नशिबी धूळ आली, हीच आपल्या घरांतली बोलणी असतात. म्हणून ताईचा प्रश्न आज येथे मांडतो.

गाळ्यात सणाच्या ऑर्डरी आल्या होत्या. शेठने तिला सांगितले, सहा बायका तूच बघून आण. ही बातमी वस्तीत शिरायला कितीसा वेळ लागणार? दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात चुलत नणंद, शेजारीण, सासूच्या गावाकडची एक विधवा बाई, नळावर कधी न बोलणाऱ्या दोघी, अशी रांगच लागली. सगळ्यांची गरज खरी. कोणाला नाही म्हणायचे?

आम्ही तिला तडकाफडकी सल्ला देऊन टाकला. म्हणालो, "यात विचार कसला करायचा? सहाच्या सहा आपल्याच बायका लाव. इतकी वर्षे बाकीच्यांनी दुसरं काय केलं?" सल्ला देऊन आम्ही मोकळे झालो आणि चपलाही सापडल्या. ताई मात्र तिथेच उभी. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "आणि पाण्याचं काय करू?"

तिने जे सांगितले ते असे. गाळ्यात पत्र्याच्या गोल चकत्यांची प्रेसवर भांडी होतात. मग ती पॉलिशला जातात, धुऊन-पुसून स्टिकर लागतो आणि शेवटी पॅकिंग. यांत पॉलिशचे काम सर्वांत वाईट. फिरत्या बफवर भांडे धरायचे, काळी धूळ उडते, ती नाकातोंडात जाते. संध्याकाळी पॉलिशवाल्याचे फक्त डोळे तेवढे पांढरे दिसतात. हे काम करणारी मुले बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारची. त्यांत मुसलमान आहेत, आणि आपल्यासारख्याच जातींतली, गावाकडे वेशीबाहेर राहणारीही आहेत. पॅकिंगच्या बाजूला पिण्याच्या थंड पाण्याचा जार असतो. त्या जारला पॉलिशवाला हात लावत नाही. तो मागच्या बाजूच्या, संडासाजवळच्या नळावर बाटली भरतो आणि तेच पितो.

आम्ही संतापून विचारले, "हा नियम कोणी केला? शेठने?"

ती म्हणाली, "शेठला काय पडलंय काका! आम्हीच केला. पॅकिंगच्या बायकांनी. त्यांचे हात काळे असतात म्हणून."

पॅकिंगला बायका कोण, हे आम्ही विचारले नाही. विचारायची गरज नव्हती.

त्या रात्री आम्हांला आमचे चुलते आठवले. ते परळच्या एका गिरणीत रिंगखात्यात होते. नोकरीला लागले तेथून निवृत्त होईपर्यंत रिंगखात्यातच राहिले. लहानपणी आम्ही त्यांना विचारले होते, "तात्या, तुम्ही साचेखात्यात का गेला नाहीत? तिथं तर पगार जास्त." ते हसून म्हणाले होते, "तिथं धोटा असतो ना बाळा." आम्हांला त्याचा अर्थ पुढे कित्येक वर्षांनी कळला. तरुण वाचकांना तो आजही ठाऊक नसेल, कारण गिरण्या गेल्या, तिथे आता टॉवर आणि मॉल उभे आहेत. म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

मागावर आडवा धागा विणण्यासाठी लाकडाचा एक होडीसारखा तुकडा इकडून तिकडे धावतो, तो धोटा. त्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की विणकर नवी बसवतो आणि धाग्याचे टोक धोट्याच्या बारीक छिद्रातून बाहेर काढतो. ते काढायची जुनी रीत अशी होती, की छिद्राला तोंड लावायचे आणि श्वास आत ओढायचा. दिवसभरात कितीतरी वेळा. एका मागावरचा माणूस बदलला, बदली कामगार आला, की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. झाले! अस्पृश्याने ज्याला ओठ लावले त्याला आम्ही ओठ कसे लावणार, असे सवर्ण विणकर म्हणाले, आणि मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्याचे दार आपल्या बापजाद्यांना बंद झाले. जास्त पगाराचे खाते तेच. आपल्या वाट्याला रिंगखाते आणि झाडलोट, बिगारी.

१९२८ साली मुंबईत गिरणी कामगारांचा प्रचंड संप झाला. एप्रिलअखेरीस सुरू झालेला हा संप ऑक्टोबरपर्यंत चालला. मालक एकेका विणकराला दोनऐवजी तीन माग सांभाळायला लावत होते, मजुरीवर गदा येत होती. संप न्याय्य होता आणि त्यात आपली माणसेही उपाशीपोटी होती. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना एक साधा प्रश्न घातला. तुमच्या मागण्यांच्या यादीत, अस्पृश्य कामगाराला सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क असावा, ही मागणी का नाही? ती घेणार नसाल तर आमच्या माणसांनी तुमच्या संपात का राहावे? पुढाऱ्यांना ते फारसे रुचले नाही. कामगारांची एकजूट फुटेल अशी त्यांना धास्ती. पण शेवटी नाइलाजाने ती मागणी यादीत गेली. आणि मालकांनी काय उत्तर दिले? हा अन्याय असेलच, तर त्याला जबाबदार आम्ही नाही!

वाचकहो, या उत्तराकडे नीट पाहा. मालक म्हणतो, मी बंदी केली नाही, कामगारच एकमेकांना येऊ देत नाहीत. पुढारी म्हणतो, मला भेद मान्य नाही, पण कामगारांच्या मनात आहे त्याला मी काय करू? विणकर म्हणतो, मी कुठे कोणाला अडवतो, तो धोटाच तसा आहे. म्हणजे दोष लाकडाच्या तुकड्याचा!

आता खरी गंमत ऐका. तोंडाने धागा ओढायचा असा धोटा ही काही निसर्गाची देणगी नव्हती. विलायतेतही तो होता आणि तेथील विणकरही तोंडानेच धागा ओढत. पण त्याने रोग पसरतो अशी ओरड झाली, आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली कायदा करून असा धोटा गिरण्यांतून हद्दपार केला. हाताने धागा ओवता येईल असे धोटे तेव्हा तयार होत होते. म्हणजे आपल्या संपाच्या सतरा वर्षे आधी जगात उपाय होता. मुंबईच्या मालकाने नवे धोटे आणले असते, तर विटाळाची सबबच उरली नसती, आणि सवर्ण विणकराच्या छातीतही दुसऱ्याचा क्षय गेला नसता. पण धोटा बदलण्याचा खर्च कोण करणार? ज्याला साचेखात्यात शिरायचे त्याच्या हातात धोट्याची खरेदी नव्हती, आणि ज्याच्या हातात होती त्याला गरज वाटली नाही. साचेखात्यातील ही बंदी संपानंतरही कित्येक वर्षे टिकली. स्वातंत्र्यानंतरही आमचे तात्या रिंगखात्यातच राहिले, यात सर्व आले.

मनपरिवर्तन व्हावे, लोकांनी समजून घ्यावे, असे उपदेश कामाच्या जागी पुष्कळ होतात. हल्ली मोठ्या कंपन्यांत त्यासाठी शिबिरे भरतात म्हणे. भरोत बापडी. पण ज्याच्या हातात व्यवस्था आहे त्याने धोटा बदलला का, एवढे आधी पाहावे, असे आमचे मत आहे. मने नंतर आली तरी चालतील.

मनमाडला १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. बाबासाहेब अध्यक्ष होते. कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असे ते तेथे म्हणाले, हे आपल्याकडे पुष्कळांना पाठ आहे. पण त्याच भाषणात त्यांनी एक अगदी बारीक गोष्ट सांगितली, ती फारशी कोणी सांगत नाही. आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागे आणि गँगमन म्हणूनच म्हातारा होई. त्याला साधा स्टेशनवरचा पोर्टरसुद्धा करीत नसत. का? तर स्टेशनमास्तर पोर्टरला आपल्या घरच्या कामाला राबवीत असे, आणि घरात अस्पृश्य कसा चालेल? बघा, नोकरी रेल्वेची आणि सोवळे मास्तरांच्या स्वयंपाकघराचे! आज आपण विरार लोकलच्या दारात लोंबकळत जातो तेव्हा रूळ ठोकणाऱ्या गँगकडे एकदा बघावे आणि हे आठवावे.

१९२८ साली बाबासाहेबांकडे खुर्ची नव्हती, त्यांना मागावे लागले. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि खुर्ची आली. तेव्हा त्यांनी काय केले? ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकरभरतीत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा ठरवून मिळाल्या, त्यामागे त्यांचाच आग्रह होता. साहेबाला वाटले तर घ्या, असे नाही. आकडाच लिहून ठेवला. आणि त्यांनी केवळ आपल्यापुरते पाहिले असेही नाही. आठवड्याचे ५४ तास कामाचे होते ते १९४६ च्या दुरुस्तीने ४८ झाले, ते बारमाही कारखान्यांतल्या प्रत्येक जातीच्या कामगाराला. त्याआधी, संपाच्याच वर्षी, १९२८ च्या जुलैमध्ये मुंबई कायदेमंडळात गिरणीतील बायकांना बाळंतपणाचा भत्ता देणारे विधेयक आले. बाबासाहेब त्याच्या बाजूने बोलले. पुढच्या वर्षी तो कायदा झाला. तेव्हा बाई कोणत्या जातीची, हे कोणी विचारले नाही. आपल्याही बायका त्यात होत्याच.

पण गिरणीत माणूस लावणारा मंत्री नव्हता, मालकही नव्हता. तो होता जॉबर. कोणाला घ्यायचे, कोणाला उद्या ये म्हणायचे, हे तो ठरवी. त्यासाठी दस्तुरी घेई. बायकांच्या खात्यात नाईकीण असे, तिचाही तोच हिशेब. जॉबर आपल्या गावचा, आपल्या भावकीचा माणूस लावी, म्हणून एकेका खात्यात एकेका भागातील माणसांचे जथे दिसत. १९३५ पासून मालकांनी बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत आणली, तीही जॉबरचा हात थोडा आखडावा म्हणूनच. आम्ही जॉबरला सरसकट शिव्या देणार नाही. आपलीही कितीतरी माणसे आपल्याच एखाद्या मुकादमाच्या ओळखीने चिकटली, नाही तर गावाकडून आलेल्या पोरांना मुंबईत विचारले कोणी असते? ज्याला दुसरे कुठलेच दार नाही त्याला ओळखीचे दार लागते. पण तेच दार आतून कडी लावून घेते, हेही साचेखात्याने आपल्याला शिकवले आहे.

म्हणजे विहाराबाहेर आम्ही ताईला जो सल्ला दिला, तो जॉबरचाच होता. हे आम्हांला त्या रात्री उमगले, आणि झोप काही लागली नाही.

पुढच्या रविवारी आम्ही मुद्दाम तिच्या घरी गेलो. चहा झाला. आम्ही म्हटले, "ताई, मागच्या वेळी आम्ही बोललो ते चुकीचं होतं." ती हसली. म्हणाली, "मला वाटलंच होतं काका. तुमच्या चपला सापडत नव्हत्या म्हणून तुम्ही घाईत होता." मग तिने आठवड्यात काय केले ते सांगितले. आम्हांला शिकवण्यासारखे काही उरलेच नव्हते.

तिने पहिल्याच दिवशी शेठकडून दोनशे रुपये मागून घेतले. प्लंबर म्हणून लागलेल्या आपल्याच एका मुलाकडून जारच्या अलीकडे एक नळ काढून घेतला. खाली बादली, वर साबण आणि भांडी धुवायची एक घासणी. जारशेजारी आठ स्टीलचे पेले ठेवले. ते काय, त्याच गाळ्यातले, ज्यांना पोचे आले म्हणून माल परत आला होता ते. बायकांना तिने भाषण दिले नाही. एवढेच म्हणाली, "हात धुऊन कोणीही पाणी पिईल. आपणही धुवायचे, आपल्याही हाताला स्टिकरचा चिकटा असतो." पहिले दोन दिवस एकही पॉलिशवाला आला नाही. सवय मोडत नाही ना. तिसऱ्या दिवशी ती स्वतः पेला भरून मशीनपाशी घेऊन गेली. चौथ्या दिवशी एक जण आला. आता येतात.

पॅकिंगच्या दोन बायका अजून घरून बाटली आणतात. "आणू द्या," ती म्हणाली. "बाटलीवर माझी सत्ता नाही, नळावर आहे."

दुसरी गोष्ट संडासाच्या किल्लीची. बायकांच्या संडासाची किल्ली शेठच्या केबिनमध्ये खिळ्याला. पुरुषांच्या देखत ती मागायची, परत द्यायची. अकरा वर्षांत ती स्वतः किती वेळा पाणी न पिता राहिली, हे तिने सांगितले तेव्हा तिची सासू खाली मान घालून तांदूळ निवडत होती. आता किल्ली पॅकिंगच्या दाराआड आहे. याला खर्च शून्य रुपये आला.

येथे एक माहिती देऊन ठेवतो. कामाच्या जागी बायकांशी कोणी लगट केली, घाणेरडे बोलले, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रारीसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. गाळ्यात दहाहून कमी माणसे असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. मीरा-भाईंदरकरांचा जिल्हा ठाणे. घरकाम करणाऱ्या बायकांनाही ही समिती लागू आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. लिहिता येत नसेल तर लिहून देण्यास मदत करणे हे समितीचेच काम. कात्रण कापून ठेवावे.

राहिला प्रश्न सहा बायकांचा. तिने चार आपल्या वस्तीतल्या घेतल्या. त्यांत ती विधवा बाई आहे आणि नळावर न बोलणाऱ्यांपैकी एक आहे. उरलेल्या दोन जागांपैकी एक पॉलिशवर काम करणाऱ्या एका मुसलमान कारागिराच्या बायकोला दिली, आणि एक राई गावाकडच्या आगरी मुलीला, जी बारावी होऊन घरी बसली होती आणि हिशेब चांगला करते. चुलत नणंदेला घेतले नाही, कारण तिचा नवरा रिक्षा चालवतो, घरात एक पगार आहे. शेजारणीलाही घेतले नाही. या शेजारणीने आता बोलणे टाकले आहे. "खुर्ची मिळाली आणि आपली माणसं विसरली" असे ती भिंतीपलीकडून ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणते. नळाचा नंबर आला की हिची बादली बाजूला सरकवते. घरात नवराही दोन दिवस घुश्शात होता, कारण नणंद त्याच्याकडची. आता बोलतो.

आम्ही विचारले, "चारऐवजी पाच आपल्या घेतल्या असत्या तर? शेजारीण तरी राहिली असती." ती बराच वेळ गप्प राहिली. म्हणाली, "काका, मी नवीन लागले तेव्हा पॅकिंगला सगळ्या एकाच जातीच्या बायका होत्या. आपली नव्हे. मला महिनाभर कोणी डब्याला बसवलं नाही. त्यांतल्या एका म्हातारीनं एके दिवशी सरकून जागा केली. ती म्हातारी त्यांच्यात वाईट ठरली. मला तिचं नावसुद्धा नीट आठवत नाही, पण ती सरकली ते आठवतं."

पॉलिशची काळी धूळ अजून तशीच आहे. धूळ ओढून घेणारा पंखा आणि नळकांडे बसवायला बराच खर्च आहे, शेठ दिवाळीनंतर बघू म्हणतो. ताई म्हणते तो टाळतोय. आम्हांलाही तसेच वाटते. त्या मुलांना तिने तूर्त जाड फडक्याचे मास्क शिवून दिले आहेत, पण त्यांनी धूळ अडत नाही हे तिला ठाऊक आहे. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ कामगार खात्यातून निवृत्त झाले आहेत, त्यांच्याकडे तिला घेऊन जायचे ठरले आहे. अर्ज कोणाच्या नावाने द्यायचा, हा प्रश्न आहे. पॉलिशवाले सही करायला घाबरतात, आणि सुपरवायझरने सही केली तर ती सुपरवायझर किती दिवस राहील? त्यावर काय निघते ते पुढे कधीतरी कळवू.

निघताना आम्ही तिला म्हटले, "हे सगळं आम्ही पेपरात लिहिणार बरं का." ती उंबऱ्यापर्यंत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "लिहा काका, पण नाव नका घालू. शेजारीण दर आठवड्याला वाचते."